नळी सरळ, चॅसिस दबलेली: एका पिकअपच्या रॉक स्लायडरचं प्रकरण

गाडी दुहेरी केबिनची पिकअप, शिडी पद्धतीच्या चॅसिसवर (दोन लांब पोकळ पेट्या, मध्ये आडवे जोड) बांधलेली. सामानासकट वजन साधारण २,४०० किलो. खडकाळ वाटांवर नेहमीचं जाणं-येणं, म्हणून मालकाने दोन्ही बाजूंना दारांखाली रॉक स्लायडर, म्हणजे खडकाचा मार झेलणारे लोखंडी दांडे, लावून घेतले होते. एका पायरीसारख्या खडकावरून उतरताना डावं मागचं चाक निसटलं आणि गाडीची डावी बाजू स्लायडरच्या मागच्या भागावर येऊन बसली. पडण्याची उंची वीतभरही नव्हती. तरी स्लायडर वर उचलला गेला, सिलला म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या कडेला भिडला, आणि मागचं दार उघडताना खालून घासू लागलं.

मालकाचं निदान तयारच होतं. पाइप पातळ पडला, आता दुप्पट जाडीचा टाका. शिवाय त्याच्या कानावर डीओएम नळीचं (थंड ओढून काढलेल्या जास्त मजबूत नळीचं) नाव आलं होतं, तीच हवी असा आग्रह होता. स्लायडरची चर्चा निघाली की बहुतेकांचं बोलणं याच दिशेने जातं: कुठला पाइप, किती मिलिमीटर. पण लोखंड विकत आणण्याआधी नेमकं काय हललं ते शोधणं भाग होतं.

काय वाकलं आणि काय नाही

आधी स्लायडरचा लांब दांडा तपासला. १०० × ५० मिमीचा आयताकृती पाइप, जाडी ४ मिमी, लांबी १.६ मीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली तर दांडा सरळ निघाला. खडक लागला तिथे खालच्या बाजूला एक पोचा होता, एवढंच. दांड्याला चॅसिसशी जोडणारे पाय तीन होते, ५० × ५० मिमीचे चौकोनी, ३ मिमी जाडीचे. त्यांना गुण्या लावला. पुढचे दोन ठीक होते, मागचा अगदी थोडा वळलेला. एवढ्याशा वळण्याने स्लायडर सिलपर्यंत पोचला नसता.

मग चॅसिसवरचा चिखल धुऊन वायर ब्रशने रंग खरवडला आणि उत्तर समोर आलं. पाय थेट चॅसिसच्या बाजूच्या भिंतीवर वेल्ड केलेले होते, मध्ये प्लेट नाही. मागच्या पायाच्या वरच्या कडेशी चॅसिसची भिंत आत दबली होती. खालच्या कडेशी उलट प्रकार होता. तिथे भिंत बाहेर ओढली गेली होती आणि वेल्डच्या काठाने केसाएवढी चीर गेली होती. चिरा दाखवणारा डाय पेनिट्रंटचा लाल रंग मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारला तेव्हा चीर नजरेला दिसत होती त्याहून लांब निघाली.

दबणं वर आणि फाटणं खाली, असं का? दांड्याला खालून धक्का बसतो तेव्हा पाय चॅसिसपासून बाहेर आलेल्या फळीसारखं काम करतो. टोक वर उचललं जातं, त्यामुळे मुळाशी वरची कड चॅसिसमध्ये घुसू पाहते आणि खालची कड चॅसिसपासून सुटू पाहते. चीर नेहमी खालच्या कडेला शोधावी, ती याच कारणाने. चिखलामुळे नेमकी तीच कड झाकलेली असते, हा भाग वेगळा.

कागदावरचा हिशेब

एक बाजू खडकावर टेकली तर साधारण निम्मं वजन, म्हणजे १,२०० किलो किंवा ११.८ किलोन्यूटन, त्या स्लायडरवर येतं. हे झालं गाडी हळूच टेकवली तर. भार एकदम सोडला तर, अंतर शून्य असलं तरी, ताण स्थिर भाराच्या दुप्पट होतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे सापडेल. म्हणून हिशेबाला २३.५ किलोन्यूटन धरले. खरी आदळ याहून जास्त असू शकते, पण टायर आणि स्प्रिंगही आपला वाटा उचलतात, त्यामुळे सुरुवातीला हा आकडा वाजवी आहे.

दांड्याचं चॅसिसपासून अंतर २८० मिमी. म्हणजे मुळाशी एकूण मोमेंट (भार गुणिले अंतर, म्हणजे वाकवणारा जोर) ६.६ किलोन्यूटन-मीटर. तिन्ही पायांनी सारखी वाटून घेतली असं उदार मनाने मानलं तर एकेका पायाला २.२. जुन्या पायाचा सेक्शन मॉड्युलस (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) ८.३ घन सेंटीमीटर, त्यामुळे पायातला ताण सुमारे २६४ मेगापास्कल. साधं बांधकामी पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकू लागतं. म्हणजे पाय अगदी सीमेवर होते, आणि मागचा पाय थोडा वळलेला दिसला तो यामुळेच.

आता तोच २.२ चा आकडा चॅसिसच्या नजरेने पाहा. पायाची उंची ५० मिमी. मोमेंट त्या उंचीने भागली की वरच्या कडेवर ४४ किलोन्यूटन दाब आणि खालच्या कडेवर तेवढीच ओढ. जवळपास साडेचार टन, तेही ५० मिमी रुंदीच्या एका रेषेवर. आणि ती रेषा १३० मिमी उंचीच्या, ३ मिमी जाडीच्या भिंतीच्या मधल्या भागात. तेलाच्या डब्याचा पत्रा मधोमध अंगठ्याने दाबला की आत जातो, कोपऱ्याजवळ तोच पत्रा दाद देत नाही. चॅसिसची बंद पेटी याच नियमाने वागते. भिंतीचा मध्य मऊ, कोपरे ताठ.

इथे मालकाच्या मागणीतली अडचण उघड होते. दांडा ८ मिमीचा केला असता तर पोचा कदाचित पडला नसता, पण चॅसिसवर येणारा भार रतीभरही कमी झाला नसता. पाय जाड केले असते तर प्रकरण आणखी बिघडलं असतं. पातळ पाय वाकतो तेव्हा पुढचा भार रोखून धरतो. जाड पाय वाकत नाही, सगळा भार इमाने भिंतीकडे पोचवतो.

डीओएमचं म्हणाल तर ती नळी चांगलीच असते. वेल्ड केलेली नळी आतल्या मँड्रेलवरून थंड अवस्थेत ओढून काढतात, त्यामुळे माप नेमकं येतं आणि वाकण्याची मर्यादा साध्या ईआरडब्ल्यू, म्हणजे नुसती शिवण वेल्ड केलेल्या, नळीपेक्षा बरीच वर जाते. मात्र ताठपणा बदलत नाही. दोन्हींचा लवचिकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपासच, म्हणजे तेवढ्याच भाराखाली दोन्ही सारख्याच लवतात. शिवाय थंड ओढाईने मिळवलेली ताकद वेल्डच्या आजूबाजूला उष्णतेने बरीचशी उतरते, आणि स्लायडरमध्ये सगळ्यात जास्त ताण वेल्डशीच असतो. या गाडीत त्या नळीवर पैसे घालण्यात अर्थ दिसला नाही.

मोडण्याचा क्रम आधी ठरवला

नव्या रचनेत पहिला प्रश्न होता तो आधी काय बिघडावं याचा. दांड्याला पोचा पडला तर चालतो. पाय वाकला तर कापून दुसरा लावता येतो. चॅसिसची भिंत मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिली पाहिजे, कारण स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेकचे पाइप असं सगळं तिच्यावर उभं असतं. म्हणून जोड पायापेक्षा मजबूत आणि पाय येणाऱ्या भाराला पुरेसा, या क्रमाने मापं काढली.

पाय ७५ × ५० × ५ मिमीचे घेतले, ७५ ची बाजू उभी. सेक्शन मॉड्युलस २२.५ घन सेंटीमीटर, जुन्याच्या पावणेतीन पट. तीनऐवजी चार पाय. चारही पाय कधीच सारखा भार उचलत नाहीत, खडक जिथे लागेल तिथले दोन उचलतात. दोघांत वाटला तर ताण १४७ मेगापास्कल येतो. सगळा भार एकाच पायावर आला तर २९४, म्हणजे तो पाय वाकेल. ते मान्य होतं.

चॅसिसवर प्रत्येक पायामागे ५ मिमीची प्लेट, २०० मिमी लांब, १२० मिमी उंच, वरची-खालची कड पेटीच्या गोलाईच्या अगदी जवळ पोचणारी. पाय वाकायला लागेल त्या क्षणी त्याच्या मुळाशी ५.६ किलोन्यूटन-मीटर असतील, म्हणजे प्लेटच्या कडांवर ४७ किलोन्यूटन. आकडा जुन्या ४४ पेक्षा थोडा मोठाच आहे, आणि तो पाहून मालकाने भुवया उंचावल्या. पण जुना भार ५० मिमी रुंदीवर, भिंतीच्या मऊ भागात पडत होता. नवा भार प्लेट जवळपास चौपट लांबीवर पसरवते आणि ताठ कोपऱ्यांजवळ नेऊन सोडते. प्लेट याहून खूप जाड करण्याचा मोह टाळला. ३ मिमीच्या भिंतीवर १० मिमीची प्लेट ठेवली की ताठपणा एकदम बदलतो आणि चीर प्लेटच्या काठाशी जन्म घेते.

प्लेटचा आकारही चौकोनी ठेवला नाही. दोन्ही टोकं निमुळती, लांबट पतंगासारखी. चॅसिस चालताना वर-खाली लवत असते, आणि त्या लवण्याच्या आड येणारा उभा वेल्ड हा चिरेचा आवडता पत्ता. म्हणून वेल्ड शक्यतो चॅसिसच्या लांबीच्या दिशेने किंवा तिरके. चॅसिसच्या पेटीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड अजिबात नाही, कारण लवण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

जागा निवडताना अजून एक गोष्ट पाहिली. जुना मागचा पाय दोन क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चॅसिसच्या आडव्या जोडांच्या, बरोबर मधोमध होता. पाय चॅसिसच्या भिंतीला नुसता ढकलत नाही, तो अख्ख्या पेटीला पीळ देतो, आणि त्या पिळाला अडवतो तो समोरच्या बाजूला जोडणारा क्रॉस मेंबर. शक्य तिथे पाय क्रॉस मेंबरच्या रेषेत आणले. एका ठिकाणी केबिनचा माउंट (केबिन चॅसिसवर टेकवणारा आधार) आडवा आला, तिथे हाताच्या रुंदीएवढं सरकावं लागलं. ज्यांच्या गाडीची चॅसिस बंद पेटी नसून उघड्या सी आकाराची आहे त्यांनी या मुद्द्याला सगळ्यात जास्त किंमत द्यावी. उघडा आकार पिळाला फार कच्चा असतो.

दांडा? तोच जुना वापरला, उलटा करून. पोचा वर गेला, सिलखाली लपला. मालकाला हे काही पटकन रुचलं नाही, नवं चकचकीत काम हवं होतं. पण वजनाचा हिशेब दाखवल्यावर तो मानला. दांडा ८ मिमीचा केला असता तर प्रत्येक बाजूला १३ किलो वाढले असते आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. पाय आणि प्लेटांवर वाढलेलं वजन बाजूला १० किलोच्या आसपास आलं.

बाहेरून दुसरी गोल नळी लावून पायरी रुंद करायची त्याची इच्छा मात्र मोडावी लागली. रुंद स्लायडर दिसायला भारदस्त असतो, पण खडकाचा भार २८० ऐवजी ४०० मिमीवर आला की मोमेंट ४३ टक्क्यांनी वाढते. फक्त मागच्या टोकाला ४४.५ मिमीची नळी वळवून बाहेर काढली. अरुंद जागी वळताना ती झाडाला किंवा खडकाला टेकते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलते. दोन नळ्यांमधली जाळीची पट्टी आपोआपच गेली. तिच्यावर चिखल साचण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

वेल्ड की बोल्ट

बोल्टने बसवलेला स्लायडर काढता येतो, चॅसिसला आच लागत नाही, आणि गाडी वॉरंटीत असेल तर तोच बरा. पण बंद पेटीतून आरपार बोल्ट घालायचा तर आत स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवतीची आधाराची नळी, हवी. नाहीतर बोल्ट आवळताना पेटी चेपते, थोड्या दिवसांनी बोल्ट सैल पडतो, आणि मग भोकं अंडाकृती होतात. यू-बोल्टने आवळलेले स्लायडरही दिसतात. ते घसरतात आणि आतल्या बाजूला ब्रेकच्या पाइपला चिकटतात. या गाडीच्या चॅसिसवर आधीच वेल्ड आणि चीर होती, दुरुस्तीसाठी आच द्यावीच लागणार होती. त्यामुळे वेल्ड ठरला. चॅसिसवर वेल्ड करण्याबाबत कंपनीच्या सूचना आणि आपल्याकडचे नियम मात्र आधी वाचून घ्यावेत, काही चॅसिसच्या पोलादाला आच चालत नाही. आणि गाडीला वेगळी चॅसिस नसेल, सगळी बॉडी एकसंध असेल, तर हे प्रकरण जसंच्या तसं लागू पडत नाही.

काम

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प दर वेळी वेल्डच्या शेजारीच लावला, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढत नाही. डाव्या चॅसिसच्या आतल्या अंगाने इंधनाचे आणि ब्रेकचे पाइप जात होते. ते क्लिपांमधून सोडवून बाजूला बांधले आणि मध्ये ओलं फायर ब्लँकेट टाकलं. केबिनमधला गालिचा उचलला. चॅसिसच्या पोकळीत गंजरोधक मेण असतं, ते आतल्या आत धुमसतं आणि बाहेर काही दिसत नाही. म्हणून शेवटच्या वेल्डनंतर अर्धा तास एक माणूस पाणी आणि अग्निशामक घेऊन तिथेच थांबला. ग्रीस पुसायला ब्रेक क्लीनरचा डबा पुढे आला होता, तो परत ठेवायला लावला. क्लोरीनयुक्त क्लीनर ओला राहिला आणि त्यावर आर्क पेटला तर फॉस्जिन तयार होतो. हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. ग्राइंडर आणि साधा ॲसिटोन पुरे, तोही पूर्ण वाळल्यावर.

चिरेची दुरुस्ती सगळ्यात आधी. दोन्ही टोकांना, रंग जिथे संपला त्याच्या किंचित पुढे, बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने व्ही काढून वेल्ड भरला, सपाट घासला, आणि दबलेली भिंत बाहेर ओढून सरळ केली. प्लेट वाकड्या भिंतीवर बसवली तर मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साचून गंज धरतो.

प्लेटा मिग मशीनने (सलग तार सोडणाऱ्या वेल्डिंग मशीनने) लावल्या, आर्कचा रोख ५ मिमीच्या प्लेटवर ठेवून, म्हणजे ३ मिमीची भिंत जळत नाही. एका बाजूला थोडा वेल्ड, मग दुसऱ्या प्लेटवर, असं आलटून-पालटून. गाडी या वेळी चारही चाकांवर उभी होती. मधोमध जॅक लावून उचललेल्या चॅसिसवर माप घेतलं तर ते चाकांवर उतरल्यावर जुळत नाही.

पाय आणि दांडा गाडीवर टॅक करून, म्हणजे छोट्या तात्पुरत्या वेल्डने, जागेवर बसवले, मग पाय कापून नव्हे तर प्लेटशी असलेले टॅक तोडून सगळा सांगाडा खाली घेतला. दांड्याच्या एकाच बाजूला चार पाय वेल्ड होतात, त्यामुळे थंड होताना दांड्याची टोकं पायांच्या बाजूला वळतात. ते टाळायला दांडा एका जाड चॅनलला क्लॅम्पने आवळून, मध्ये पातळ पट्ट्या घालून उलट दिशेने किंचित ताणून ठेवला. गार झाल्यावर सोडला तेव्हा दोरीला लागून होता.

सिल आणि दांडा यांच्यात १८ मिमी फट ठेवली. केबिन रबरी माउंटवर असते, चॅसिसच्या मानाने ती हलतेच. त्यात स्लायडरची लवण मिळवली की १० मिमीची फट अपुरी पडते आणि ३० मिमीची ठेवली तर जमिनीपासूनची उंची उगाच जाते. पाय बाहेरच्या बाजूला थोडे वर चढते ठेवले, त्यामुळे चॅसिसच्या खाली काहीही लोंबत नाही.

जॅकची परीक्षा

डाव्या दांड्याच्या मधोमध हाय-लिफ्ट जॅक लावून दोन्ही डावी चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचलली. गाडीखाली कोणी नाही, उजव्या चाकांना पुढून-मागून ओंडके. फट १८ वरून १४ मिमीवर आली, उतरवल्यावर पुन्हा १८. मग जॅक मागच्या पायाजवळ सरकवला, जिथे आधी बिघाड झाला होता. तिथे फट १३ वर गेली आणि तीही परत आली.

यातला मजेचा भाग असा की हिशेबाने पायाची स्वतःची लवण, दुप्पट भार धरूनही, जेमतेम अर्धा मिलिमीटर निघते. म्हणजे जे चार-पाच मिलिमीटर दिसले ते बहुतेक सगळे चॅसिसच्या पिळाचे आणि केबिनच्या रबराचे. पाय आणखी जाड करून ही फट वाचवता आली नसती. उजवीकडे जुन्या पद्धतीचाच स्लायडर होता. तिथे चीर नव्हती, पण मागच्या पायाशी भिंत किंचित दबायला लागली होती, म्हणून तीही बाजू तशीच नव्याने केली.

त्यानंतर गाडी त्याच प्रकारच्या वाटांवर फिरते आहे. दांड्याखाली रंग उरलेला नाही, दोन नवे पोचे आहेत. डाव्या मागच्या पायाशी फट आता १७ मिमी भरते. तो मिलिमीटर पायाचा की केबिनच्या दबलेल्या रबराचा, हे माउंट बदलल्यावर कळेल. पेनिट्रंटच्या तपासणीत प्लेटच्या टोकांशी काही सापडलं नाही. पावडर कोटिंग मुद्दाम केलं नव्हतं. ते एका जागी उडालं की गंज त्याच्या आडून सरकतो. साधा प्राइमर आणि काळा रंग आहे, ओरखडे पडले की ब्रशने पुन्हा मारायचा. वेल्डच्या आचेने चॅसिसच्या आतलं मेण जळालं होतं, तिथे लांब नळीच्या स्प्रेने नवं सोडलं. दांड्याच्या टोकांना झाकणं आणि खाली ६ मिमीची निचऱ्याची भोकं आहेत. चिखलाच्या प्रत्येक फेरीनंतर ती तारेने मोकळी करायची, एवढं काम मालकाकडे आहे.